हवाई दल प्रमुख नक्की कुणाला हुकूम देतात?

१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारसेचा दिवस. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीच्या, म्हणजे आपल्या बोलीत 'एचएएल'च्या, कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान त्या दिवशी आकाशात गेलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते. आमच्याकडे चकल्या तळणं चालू होतं आणि टीव्हीवर तीच बातमी फिरत होती. भाचा एनडीएची, म्हणजे सेनादलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करतोय. कढईतली चकली उचलत त्याने विचारलं, "मामा, हवाई दल प्रमुख केव्हापासून सांगतायत की विमानं वेळेवर मिळत नाहीत. प्रमुख आहेत ना ते? मग सरळ ऑर्डर का सोडत नाहीत?"

शेजारचे अण्णा फराळाला टेकले होते. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते ते. नुसते हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दोन वाक्यांतच अडकलो. कारण 'प्रमुख' या शब्दाने आपल्या डोक्यात जे चित्र उभं राहतं, घोड्यावर बसून तलवार उपसणारा सेनापती, त्याचा या पदाशी फारसा संबंध नाही. मग बसून नीट वाचलं. जे समजलं ते असं.

'स्टाफ' म्हणजे शिक्षकांची खोली नव्हे

पदाचं इंग्रजी नाव 'चीफ ऑफ द एअर स्टाफ'. स्टाफ म्हटलं की आपल्याला शाळेतली शिक्षकांची खोली आठवते, नाहीतर बँकेतली काउंटरमागची माणसं. लष्करी भाषेत स्टाफ म्हणजे मुख्यालयात बसून आखणी करणारे अधिकारी. कुठल्या तळावर किती विमानं, इंधन किती दिवसांचं, उडायला तयार वैमानिक किती, समोरच्याकडे काय आहे, हे सगळं जुळवणारी मंडळी. त्यांचा प्रमुख तो चीफ.

लग्नघरातला एक काका आठवा. मांडव, आचारी, वाजंत्री, गाड्या, पाहुण्यांची उतरायची सोय, सगळं त्याच्या अंगावर. त्याच्या शब्दावर पन्नास माणसं पळतात. पण मुलगी कुणाला द्यायची हे त्याने ठरवलेलं नसतं आणि मुहूर्तही त्याने काढलेला नसतो. मात्र मांडव पडला तर बोलणी त्यालाच बसतात. हवाई दल प्रमुखांचं काम पुष्कळसं या काकासारखं आहे. लाखाहून अधिक माणसांच्या दलात त्यांचा शब्द शेवटचा असतो. हे दल कधी आणि कुणावर सोडायचं, तो शब्द मात्र दुसऱ्यांचा.

पूर्वी या पदाला 'कमांडर-इन-चीफ' हे नाव जोडलेलं होतं. १९५५ मध्ये संसदेने कायदा करून तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या नावातून ते काढून टाकलं. नुसता पाटी बदलण्याचा प्रकार वाटेल, पण त्यामागे विचार होता. इंग्रजी अमदानीतला कमांडर-इन-चीफ व्हाइसरॉयच्या मंडळात बसायचा, म्हणजे सैन्यही त्याचं आणि राज्यकारभारातही त्याचा हात. प्रजासत्ताकात ते चालणार नव्हतं. घटनेच्या ५३व्या कलमानुसार सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. एका घरात दोन सरसेनापती नकोत, म्हणून दलप्रमुख झाले 'चीफ ऑफ स्टाफ'.

आणखी एक गल्लत इथेच सोडवून टाकू, कारण वर्तमानपत्रंही ती करतात. 'एअर चीफ मार्शल' हा हुद्दा आहे, 'हवाई दल प्रमुख' हे पद. हुद्दा खांद्यावर असतो, पद खुर्चीत. लष्करातला जनरल आणि नौदलातला ॲडमिरल यांच्या बरोबरीचा हा हुद्दा. त्याच्याही वरचा, 'मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स' हा मान आजवर एकट्या अर्जन सिंग यांना मिळाला, तोही २००२ मध्ये, निवृत्त होऊन तीस वर्षं उलटून गेल्यावर.

चार विमानं, एकोणीस हवाई सिपाही

८ ऑक्टोबर १९३२ ला हवाई दल कागदावर जन्माला आलं. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ ला, कराचीजवळच्या ड्रिग रोडला. चार वापिटी विमानं, दोन-दोन पंखांची, वैमानिक उघड्यावर बसणार. पाच भारतीय वैमानिक आणि एकोणीस 'हवाई सिपाही'. हा शब्द मला फार आवडतो. विमानाची कळ कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा जुन्याच शब्दाला नवे पंख लावले.

या पाच वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. पुढे ते या दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, पण त्याला एकवीस वर्षं जावी लागली. स्वातंत्र्यानंतरही पहिले तिघे प्रमुख इंग्रजच होते: एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज. लष्कराला १९४९ मध्येच करिअप्पा मिळाले होते. हवाई दल थांबलं, कारण दलच इतकं तरुण होतं की त्यातला सगळ्यात अनुभवी भारतीय अधिकारीही चाळिशीच्या आतला होता. १ एप्रिल १९५४ ला सूत्रं घेतली तेव्हा मुखर्जी त्रेचाळीस वर्षांचे होते. आज या वयाचा अधिकारी एखादी स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, सांभाळून पुढच्या बढतीची वाट बघत असतो.

इंग्रज प्रमुखांपैकी एल्महर्स्टचं एक ऋण मात्र मान्य करायला हवं. हवाई दल लष्कराच्या पंखाखाली न ठेवता स्वतंत्र असावं, त्याच्या प्रमुखाला लष्करप्रमुखाच्या बरोबरीने बसता यावं, हा आग्रह त्याचा. १९४७ पूर्वी तसं नव्हतं, तेव्हा सगळ्यांच्या वर लष्कराचाच कमांडर-इन-चीफ असे. या बरोबरीचा मुद्दा पुढे थिएटर कमांडच्या, म्हणजे तिन्ही दलांना एका हुकमाखाली आणण्याच्या, भांडणात पुन्हा येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

मुखर्जींचा शेवट फार चटका लावणारा. नोव्हेंबर १९६० मध्ये टोकियोत जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि ते गेले. प्रमुखपदावरच होते, वय एकोणपन्नास.

दिल्लीत डोकं, नागपुरात कोठार

हवाई दलाचे सात मोठे विभाग आहेत, त्यांना कमांड म्हणतात. पश्चिमेचं मुख्यालय दिल्लीत, पूर्वेचं शिलाँगला, मध्यचं प्रयागराजला, नैर्ऋत्येचं गुजरातेतल्या गांधीनगरला, दक्षिणेचं तिरुवनंतपुरमला. हे पाच लढायचे. उरलेले दोन पोसायचे: बंगळुरूला प्रशिक्षण आणि आपल्या नागपूरला देखभाल. ओझरला कारखान्याशेजारी हवाई दलाचा जो दुरुस्ती तळ आहे, ११ बेस रिपेअर डेपो, तो या नागपूरच्या विभागाखाली येतो.

प्रत्येक कमांडवर एक एअर मार्शल. लढाई पेटली की रोजच्या उड्डाणांचं नियोजन या विभागांत होतं. दिल्लीत बसलेले प्रमुख 'त्या विमानाने डावीकडे वळावं' असं सांगत नाहीत. ते ठरवतात की पूर्वेकडची कुठली स्क्वॉड्रन पश्चिमेला हलवायची, कुठला साठा राखून ठेवायचा, आणि सरकारपुढे जाऊन 'हे जमेल, हे जमणार नाही, याची किंमत इतकी' हे सांगायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. प्रमुखाचा कस तिथे लागतो असं माझं मत झालं आहे, आणि त्याला दोन लढायांचा पुरावा आहे.

मग हल्ल्याचा हुकूम कोण देतं?

१९६२. चिनी फौजा ईशान्येत उतरत होत्या. आपल्याकडे लढाऊ विमानं होती, वैमानिक होते. हवाई दल प्रमुख होते ॲस्पी इंजिनिअर. तरीही लढाऊ विमानं वापरली गेली नाहीत. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरांनी जीव तोडून रसद पोचवली, जखमी आणले, पण बॉम्ब पडला नाही. चीनने उलट आपल्या शहरांवर बॉम्ब टाकले तर काय, ही भीती दिल्लीत होती. गंमत म्हणावी की दुर्दैव, नोव्हेंबरात पंडित नेहरूंनी अमेरिकेच्या केनेडींकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या. आपल्या मात्र जमिनीवर उभ्या होत्या. निर्णय सरकारचा होता आणि प्रमुखाने तो पाळला.

त्या पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ते हे. नाशिककरांसाठी यातली पुढची ओळ महत्त्वाची. मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेलेल्या चव्हाणांना लोकसभेत जागा हवी होती. ती नाशिकने दिली, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. ओझरचा मिग कारखानाही त्यांच्याच काळातला, १९६४ चा.

आता १ सप्टेंबर १९६५. जम्मूच्या छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. अखनूरचा पूल हातचा गेला असता तर पुढची वाट तुटली असती. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत आले आणि म्हणाले, विमानं हवीत. हवाई दल प्रमुख अर्जन सिंग तिथेच होते. किती वेळ लागेल, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, तासाभरात. मंत्रिमंडळाची बैठक बोलवत बसायला वेळ नव्हता. नाशिकच्या खासदाराने काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळी साडेपाचच्या आत पठाणकोटहून पहिली व्हॅम्पायर विमानं उडाली होती.

या प्रसंगात प्रत्येकाचं काम वेगळं दिसतं. मागणी लष्कराची, होकार मंत्र्याचा. मधला 'तासाभरात' हा शब्द हवाई दल प्रमुखाचा, आणि तो खरा ठरवायची जबाबदारीही त्यांचीच. कुणीही एकमेकाचं काम केलं नाही.

ही गोष्ट आपल्याकडे इथेच थांबवायची पद्धत आहे, टाळ्या घेऊन. पुढचंही सांगायला हवं. त्याच संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. ही विमानं जुनाट होती, पाकिस्तानच्या सेबरपुढे त्यांचा टिकाव लागण्यासारखा नव्हता. मावळत्या उजेडात आपल्याच काही रणगाड्यांनाही आपल्याच विमानांचा फटका बसला, कारण लष्कर आणि हवाई दलाने एकत्र सराव पुरेसा केला नव्हता. पाकिस्तानी मुसंडीचा वेग त्या हल्ल्याने मोडला हे खरं. व्हॅम्पायर त्यानंतर आघाडीवरून मागे घेतली. म्हणजे 'तासाभरात' म्हणणाऱ्या प्रमुखाच्या हातात काय आहे, हे आधीच्या दहा वर्षांत ठरून गेलेलं असतं.

'शत्रू दारात आला, तरी परवानगी कशाला?'

भाच्याचा हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलला याच प्रश्नावर दोन प्रमुखांत ठिणगी पडली होती. लष्कराला डोंगरमाथ्यावरच्या घुसखोरांवर मारा करायला सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. हवाई दल प्रमुख अनिल यशवंत टिपणीस, आपलेच मराठी, म्हणाले की हेलिकॉप्टरं त्या उंचीवर सोपं लक्ष्य ठरतील, आणि हवाई दल वापरणं म्हणजे लढाईची पायरी चढणं, तेव्हा आधी सरकारची मंजुरी आणा. लष्करातल्या अनेकांना हा वेळकाढूपणा वाटला. अजूनही वाटतो.

२५ मे ला मंजुरी आली, एका अटीसह: नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. २६ ला हल्ले सुरू झाले. २७ ला दोन लढाऊ विमानं गेली, २८ ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं आणि त्यातले चौघेही गेले. टिपणिसांची हेलिकॉप्टरबद्दलची भीती खरी ठरली. मग सशस्त्र हेलिकॉप्टरं मागे घेतली, विमानं उंचावरून हल्ला करू लागली, आणि जूनमध्ये मिराजनी लेझरच्या मदतीने अचूक बॉम्ब टाकले.

परवानगी लागण्याचं कारण साधं आहे. तोफ सीमेवरून डागली तर तिचा पल्ला ठरलेला. लढाऊ विमान पाच-दहा मिनिटांत दुसऱ्या देशाच्या शहरावर असतं. समोरचा देश त्याला चकमक समजत नाही, युद्ध समजतो. एका वैमानिकाच्या किंवा एका प्रमुखाच्या तापलेल्या डोक्यावर तेवढी मोठी गोष्ट सोडता येत नाही.

मग बातम्यांतलं 'सैन्याला खुली सूट' म्हणजे काय? मुहूर्त आणि लक्ष्य कुठल्या प्रकारचं असावं हे सरकारने ठरवलं, कसं आणि कशाने मारायचं हे दलावर सोडलं. बालाकोटच्या वेळी बी. एस. धनोआ प्रमुख होते, ऑपरेशन सिंदूरला ए. पी. सिंह. सिंह यांनी नंतर बंगळुरूच्या एका व्याख्यानात जाहीर सांगितलं की सरकारने आमच्यावर बंधनं घातली नव्हती. ते ज्यांच्या स्मरणार्थ बोलत होते त्यांचं नाव पुढच्याच मुद्द्यात येतंय.

'विमानं हवीत तर ओझरला फोन लावा ना!'

आता मूळ प्रश्न. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वॉड्रन मंजूर आहेत. एका स्क्वॉड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि आकडा २९ वर आला. निरोपाच्या दिवशी स्वतः ए. पी. सिंह यांनी मिग उडवलं. ओझरमधली अर्धी टाउनशिप या विमानावर वाढली. अण्णा त्या दिवशी टीव्हीसमोर एक शब्द बोलले नाहीत.

जागा भरायची ती तेजसने. ८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ चा, आणि आणखी ९७ चा सप्टेंबर २०२५ चा. पहिली विमानं २०२४ मध्ये मिळायची होती, ती लांबली. इंजिन अमेरिकेहून यायचं, तेही लांबलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअर शोमध्ये सिंह यांनी कारखान्याच्या लोकांना तोंडावर सुनावलं की तुमच्यावर भरवसा उरलेला नाही. ज्यांनी चाचणी वैमानिक म्हणून स्वतः तेजसच्या कार्यक्रमात काम केलंय, त्यांच्या तोंडी ते जास्त झोंबलं.

पण हुकूम? तो सोडता येत नाही. एचएएल संरक्षण मंत्रालयाच्या उत्पादन विभागाखाली आहे, हवाई दलाखाली नाही. प्रमुख इथे गिऱ्हाईक आहेत, आणि गिऱ्हाईकही असं की पैशाची पिशवी दुसऱ्याच्या हातात. विमान हवं असेल तर हवाई दल आधी आपली गरज लिहून देतं. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद 'होय, गरज आहे' म्हणते. मग निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, अर्थ खातं, आणि शेवटी पंतप्रधानांची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती.

एकेकाळी हे अंतर कमी होतं, कारण हवाई दलाचे अधिकारीच एचएएल चालवायचे. १९७१ च्या युद्धातले प्रमुख पी. सी. लाल आधी एचएएलचे प्रमुख होते. एल. एम. कात्रेही तसेच, कारखान्याच्या खुर्चीतून दलाच्या खुर्चीत आलेले. ते १९८५ मध्ये पदावर असतानाच गेले. बंगळुरूचं ते व्याख्यान त्यांच्या स्मरणार्थ होतं.

पण दोन्ही खुर्च्यांत ओळख असली तरी वेळ लागायचा तो लागतोच, आणि हे पिंपळगाव-निफाडकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. वेलीच्या डोळ्यात घड धरतो तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात, कुणाला दिसत नाही तेव्हा. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर आला की लोक बागेत येऊन वाहवा करतात किंवा नावं ठेवतात, पण एप्रिलमध्ये चुकलेलं ऑक्टोबरात दुरुस्त होत नाही. राफेलचं बघा. १२६ विमानांची निविदा ऑगस्ट २००७ मध्ये निघाली तेव्हा प्रमुख होते फली मेजर. मग नाईक आले, ब्राऊन आले, राहा आले. मूळ सौदा बारगळला, २०१६ मध्ये ३६ विमानांचा वेगळा करार झाला. धनोआ आले आणि गेले. पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला, भदौरियांच्या काळात. मागणाऱ्याची आणि मिळालेल्याची सहाव्या माणसापर्यंत गाठ नाही.

म्हणून 'अमुक प्रमुखाच्या काळात हवाई दल कमकुवत झालं' असं कुणी म्हटलं की मी आता विचारतो, छाटणी कुणी केली होती?

सिंहस्थात हुकूम कुणाचा?

२०२० पासून आणखी एक पद आलंय, संरक्षण दलप्रमुख, म्हणजे सीडीएस. पहिले जनरल बिपिन रावत, त्यांच्यानंतर २०२२ मध्ये आले जनरल अनिल चौहान. पुष्कळांना वाटतं की हे तिन्ही प्रमुखांचे साहेब. तसं नाही. तेही चार तारकांचेच, बरोबरीतले पहिले. तिन्ही दलांना एकत्र आणणं आणि सरकारला एकत्रित सल्ला देणं हे त्यांचं काम. हवाई दलाला ते थेट लढाईचा हुकूम देत नाहीत.

खरा वाद आहे थिएटर कमांडचा. रामकुंडावरची पर्वणी डोळ्यांसमोर आणा. पोलीस, महापालिका, आरोग्य खातं, रेल्वे, एसटी, प्रत्येकाचा साहेब वेगळा. चेंगराचेंगरी होऊ लागली तर पाचही साहेबांना पाच फोन करायचे, की त्या घाटावर एकच माणूस असावा ज्याचं पोलिसानेही ऐकायचं आणि ॲम्ब्युलन्सवाल्यानेही? थिएटर कमांड म्हणजे हा घाटावरचा एक माणूस. आज पूर्वेकडे लष्कराचं मुख्यालय कोलकात्यात, हवाई दलाचं शिलाँगला आणि नौदलाचं विशाखापट्टणमला आहे. एकत्र करा म्हणणाऱ्यांचं चुकतं असं वाटत नाही.

हवाई दल मात्र पाय मागे घेतं. ए. पी. सिंह यांनीही २०२५ मध्ये घाई नको अशी भूमिका जाहीर मांडली. चार भावांत फवारणीचा एकच ब्लोअर असेल तर तो ज्याच्या बागेत भुरी दिसली तिथे आधी जातो. वाटणी करून त्याचे सुटे भाग चौघांत दिले तर कुणाचीच बाग फवारून होणार नाही. २९ स्क्वॉड्रनचं दल हे असं आहे. पुण्याच्या लोहगावचं सुखोई आज पश्चिमेला, उद्या पूर्वेला जाऊ शकतं, तेच त्याचं बळ. ते एका थिएटरला बांधून टाकलं तर?

थिएटरवाल्यांचं उत्तर असं की ब्लोअरची फेरी कुणीतरी ठरवतंच, ते दिल्लीतून ठरवू, पण बागेत गेल्यावर बागवाल्याचं ऐका. मला स्वतःला हे पटतं. पण मग हवाई दल प्रमुखांकडे काय उरतं? माणसं घडवणं, विमानं मिळवणं, तयारी ठेवणं. लढवणं थिएटरवाल्याकडे. नावातला 'स्टाफ' तेव्हा खऱ्या अर्थाने स्टाफ होईल, आणि एल्महर्स्टने भांडून मिळवलेल्या बरोबरीचं काय होईल याची धास्ती हवाई दलाला वाटते ती यातूनच.

जन्मतारखेचा खेळ

प्रमुख निवडते मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती. सगळ्यात ज्येष्ठ असेल त्यालाच करायचं असा प्रघात आहे, नियम नाही. २०१६ मध्ये लष्करप्रमुख निवडताना दोघा ज्येष्ठांना बाजूला ठेवलं होतंच. पदावर तीन वर्षं किंवा वयाची बासष्ट, जे आधी येईल ते. बाकीचे एअर मार्शल साठीला घरी जातात. त्यामुळे कर्तबगारीइतकीच जन्मतारीखही लागते. आधीचे प्रमुख निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी तुमची साठी भरली तर खेळ संपला. प्रमुख लढाऊ वैमानिकच असतो, हाही प्रघातच. फली मेजर हे हेलिकॉप्टरचे वैमानिक होते आणि प्रमुख झालेले त्या शाखेतले पहिलेच.

मराठी नावं विचाराल तर बरीच आहेत. १९७६ मध्ये हृषीकेश मुळगावकर, मग टिपणीस, २००९ मध्ये सातारच्या सैनिक शाळेतले प्रदीप वसंत नाईक, आणि २०२१ ते २०२४ विवेक राम चौधरी, नांदेड जिल्ह्यातल्या हस्तराचे. निवृत्तीनंतर ओ. पी. मेहरा आणि आय. एच. लतीफ हे दोघे लागोपाठ महाराष्ट्राचे राज्यपालही झाले, म्हणजे राजभवनात एक हवाई दल प्रमुख गेले आणि दुसरे आले.

आपल्या डोक्यावरून जातं ते कुणाचं?

आता नाशिकपुरतं. उपनगर-गांधीनगरच्या आकाशात सकाळपासून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं हवाई दलाची नाहीत. ती लष्कराची. लष्कराची स्वतःची हवाई शाखा १९८६ पासून आहे आणि तिची वैमानिक घडवणारी शाळा आपल्या गांधीनगरला आहे. (गुजरातच्या गांधीनगरला हवाई दलाची कमांड, नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. नावं ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता.) ओझरला उतरणारं प्रवासी विमान हवाई दलाचं नाही हे उघड आहे, पण तो विमानतळही त्यांचा नाही, तो एचएएलचा. आणि कारखान्यातून चाचणीसाठी उडणारं नवं तेजस? ते हवाई दलाच्या ताब्यात जाईपर्यंत कारखान्याचं, उडवणारा वैमानिकही कारखान्याचा.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा अण्णा मध्येच म्हणाले, "डेपोत दुरुस्तीला आलेलं सुखोई मात्र त्यांचं हं. अगदी नट-बोल्टासकट."

तेवढ्यात नाशिकरोडच्या बाजूने फडफडाट ऐकू आला. भाचा गॅलरीत गेला, हाताने डोळ्यांवर सावली धरून वर बघितलं आणि तिथूनच ओरडला, "चीता! लष्कराचं. सॅल्यूट नाही मारला तरी चालेल ना मामा?"

"मार," अण्णा म्हणाले, "आत पोरगं शिकतंय."